अल्फा, तेल आणि परसों

"उद्या येताना डोक्याला तेल लावू नका," हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. मराठीत, मोडक्या हिंदीत, त्याहून मोडक्या तेलुगूत आणि शेवटी हाताच्या खुणांनी. तरी दुसऱ्या दिवशी माणूस यायचा तो खोबरेल तेलाने चप्प डोकं घेऊनच. "डोक्याचं काम आहे म्हणून आज जरा जास्तच लावलं," असंही वर सांगायचा. त्या तेलावर माझे बटणाएवढे इलेक्ट्रोड घसरगुंडी खेळायचे. मग मी शाम्पूची पुडी आणि टॉवेल हातात द्यायची आणि मोरीकडे बोट दाखवायची. हैदराबादच्या हिमायतनगरमध्ये एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसून मी बारा वर्षं लोकांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या. त्यातला बराच वेळ लोकांची डोकी धुऊन घेण्यात गेला.

मी मूळची पुण्याची. ईईजी काढायला तिथेच शिकले, आणि लग्न होऊन हैदराबादला चिक्कडपल्लीत आले. सासरची मंडळी निजामाच्या अमदानीपासून इथली. त्यांच्या मराठीत "हौ" आणि "नक्को" इतके मुरलेले, की पहिल्या वर्षी मला सासूबाईंचं अर्धंच कळायचं. न कळलेलं विचारून घ्यावं, ही साधी गोष्ट. पण मी पुण्याची. मी विचारायची नाही, सुधारायची. हा माझा स्वभाव इथेच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं.

नव्वदनंतर देशात दोन गोष्टी एकदम वाढल्या: टीव्हीची चॅनेलं आणि टेन्शन. टेन्शन आधी नव्हतं असं नाही, पण त्याला काळजी म्हणायचे आणि ती घरातल्या घरात करायचे. आता तिच्यासाठी बाहेर जायची सोय झाली. मी तेव्हा इथल्या एका इस्पितळात ईईजी काढायची; तिथल्या आमच्या डॉक्टरांनी हे बरोबर हेरलं. आयातीची बंधनं सैल होताच त्यांनी अमेरिकेहून एक मशीन मागवलं, हिमायतनगरला खोली घेऊन तिला निळे पडदे लावले, एक आरामखुर्ची आणली आणि मला इस्पितळातून उचलून तिथे बसवलं.

मशीनचं काम सोपं होतं. आपल्या मेंदूत सतत वीज खेळत असते, अगदी नावापुरती. डोक्याच्या कातडीवर पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवला की ती पकडता येते. माणूस विचारात असला की लहरी बारीक आणि घाईघाईच्या येतात. डोळे मिटून निवांत बसला की सेकंदाला आठ ते बारा अशा संथ चालीने. या संथ लहरींना अल्फा म्हणतात. अल्फा एका ठरावीक पातळीच्या वर गेली की आमच्या मशीनमधून एक गोड सूर वाजायचा, खाली आली की बंद. आपलाच मेंदू आपल्याला ऐकू यायला लागला की माणूस हळूहळू तो सूर धरून ठेवायला शिकतो. याला बायोफीडबॅक म्हणायचं. पातळी ठरवायचं बटण माझ्या हातात. त्याचं इंग्रजी नाव थ्रेशोल्ड, मी त्याला उंबरठा म्हणायची. नवख्यासाठी उंबरठा खाली ठेवायचा, म्हणजे सूर लवकर वाजतो आणि उमेद वाढते; मग रोज थोडा थोडा वर.

यातली मेख अशी, की जो सूर वाजवायचा प्रयत्न करतो त्याचा वाजत नाही. आमच्याकडे एक शेअर दलाल यायचे. ते खुर्चीत असे बसायचे, जणू आता कुस्ती सुरू होणार. दात आवळलेले, मुठी वळलेल्या. मशीन ढिम्म. "मॅडम, आज अल्फा कितीवर उघडली?" असं ते रोज विचारायचे. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत द्यायची होती असा एक सॉफ्टवेअरवाला होता. त्याने तर कोणत्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचून दाखवून मला शिकवायला घेतलं. त्याचाही सूर वाजेना.

याने सगळ्यांना फायदा होतो का, असं लोक विचारत. डॉक्टर "हंड्रेड पर्सेंट" म्हणायचे. माझं मत असं, की काहींना होतो, आणि काहींना अर्धा तास कुणी हाक मारत नाही याचाच होतो.

कादरभाई आले ते याच काळात. शहराबाहेरच्या एका औषध कारखान्याची स्टाफ बस ते चालवायचे. कारखान्यात नवीन मॅनेजर आले होते, त्यांनी कुठल्याशा शिबिरात ताणतणावाबद्दल ऐकलं आणि आपल्या चारही ड्रायव्हरांना आमच्याकडे वीस-वीस बैठकांसाठी पाठवून दिलं. बाकीचे तिघं खुर्चीत बसताक्षणी घोरायला लागायचे. कादरभाई पंचेचाळिशीचे, सडसडीत, इस्त्रीच्या खाकी शर्टातले. डोकं कोरडं ठणठणीत. तेवढ्यावरच मला हा माणूस आवडला.

पहिल्या दिवशी फॉर्म भरायचा असतो. झोप कशी, डोकं दुखतं का, औषधं कोणती. "कभी बेहोश हुए थे क्या?" मी विचारलं.

"हौ मॅडम," ते म्हणाले. "परसों एक बार गिर गया था. रोज़ा था, धूप में खडा था, चक्कर आ गई. पानी मारे तो उठ गया."

मी इंग्रजीत स्वच्छ लिहिलं: दोन दिवसांपूर्वी शुद्ध हरपली. माझं अक्षर फार सुंदर आहे. ते डॉक्टरांच्या अक्षरासारखं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर गेला, त्यांनी खाली सही ठोकली, आणि आम्ही कामाला लागलो.

तिसऱ्याच दिवशी मशीन गायला लागलं. मी उंबरठा वर नेला, तरी गातंय. आणखी वर नेला, तरी गातंय. इलेक्ट्रोड सुटलाय की काय म्हणून मी उठून पाहून आले. कादरभाई डोळे मिटून स्वस्थ बसले होते आणि खोलीभर तो सूर भरून राहिला होता. बारा वर्षांत अशी अल्फा मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. बैठक संपल्यावर विचारलं, काय करता तुम्ही?

"कुछ नहीं करता मॅडम. आंखाँ मूँद के फाटक पे गाडी खडी करतूँ. रेल आने की है, फाटक बंद. इंजन बंद कर दिया. अब पीछे वाले कित्ते भी हॉर्न मारे, मैं क्या कर सकतूँ?"

मी हे फाटक लगेच उचललं. दलालसाहेबांना सांगितलं, सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं. "पण तिथे ओव्हरब्रिज नाही का?" असं त्याने विचारलं. दलालांचा मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदा सूर वाजला. दचकून त्यांनी डोळे उघडले आणि तो बंद पडला, ही गोष्ट वेगळी. ज्या कुणाला पुढे माझ्याकडे फायदा झाला, त्यातल्या निम्म्यांचं श्रेय त्या फाटकाला आहे.

सोळा बैठका झाल्यावर आम्ही कारखान्याला अहवाल पाठवला. कादरभाईंचा आलेख तर मी हौसेने रंगीत पेनने काढला. पद्धतीप्रमाणे पहिल्या दिवशीच्या फॉर्मची प्रत त्याला जोडली.

सतराव्या बैठकीला ते नेहमीच्या वेळेवर आले. बसले, डोळे मिटले. मशीन गप्प. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कागदावरच्या लहरी बारीक, दाटीवाटीच्या, दलालांच्या असायच्या तशा. थकले असतील असं म्हणून मी उंबरठा थोडा खाली केला. तरी नाही. मग बराच खाली केला आणि सूर वाजला.

कादरभाईंनी एक डोळा उघडला. "मॅडम, ये मैं नहीं बजाया. तुम बजाए."

कुणाच्याही लक्षात यायचं नाही असं मला वाटलं होतं. मी ओशाळले. मशीन बंद करून विचारलं, काय झालंय?

"गाडी ले लिए मेरेसे. गेट पे बिठा दिए, वॉचमन के साथ." आवाज अगदी साधा होता. "कागद पे लिखा है बोले. मैं परसों बेहोश हुआ बोलके. बेहोश होने वाले के पीछे चालीस आदमी कैसा बिठाना?"

"पण झाला होतात ना बेशुद्ध? तुम्हीच सांगितलंत."

"हुआ था ना, मैं कहाँ झूट बोला? परसों हुआ था. मेरी शाहीन पैदा नहीं हुई थी तब."

"शाहीन किती वर्षांची आहे?"

"दसवीं का इम्तिहान दी इस साल."

मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. संध्याकाळी घरी नवऱ्याला विचारलं, तुमच्यात परसों म्हणजे कधी? त्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "परसों म्हणजे झालं कधीतरी. कालच्या आधीचं सगळं परसों." इथे हा शब्द दोन दिवसांपासून वीस वर्षांपर्यंत कुठेही बसतो. इतकी वर्षं या शहरात राहून, रोज कानांवर पडूनही, मी त्याचा माझ्या पुण्यातला अर्थ लावत बसले होते. समोरचा माणूस चुकीचं बोलतोय असं वाटलं की मी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायची. "कब? कौनसे साल?" एवढे दोन प्रश्न मी विचारले नाहीत. सोळा वर्षं जुनी एक उन्हाची चक्कर मी परवाची करून टाकली आणि एका चांगल्या ड्रायव्हरच्या हातातलं स्टीअरिंग काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, दुरुस्तीचं पत्र द्या. ते खुर्चीत मागे रेलले आणि तेलुगू अदबीने म्हणाले, "सुलभागारू, लेट इट बी. आपण चूक केली असं लिहून दिलं तर उद्या कोण येईल आपल्याकडे? त्याला दुसरीकडे काम मिळालंय ना?" डॉक्टर वाईट नव्हते. फक्त त्यांचा उंबरठा सोयीप्रमाणे खालीवर व्हायचा.

मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. "डॉक्टर, मी लिहिलेलं खरं धरलं, तर दोन दिवसांपूर्वी बेशुद्ध पडलेल्या माणसाला तुम्ही न तपासता सोळा दिवस या खुर्चीत बसवलंत. खाली सही तुमची आहे. कुठली चूक कबूल करायची, तुम्ही ठरवा."

त्यांनी फॉर्म बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. पत्र मिळालं.

पत्र घेऊन मी कारखान्यात गेले. तिथले मेडिकल ऑफिसर बंगाली, हैदराबादला नवे. पत्र वाचून ते म्हणाले, "म्हणजे तो दोन दिवसांपूर्वी म्हणाला आणि आता सोळा वर्षं म्हणतोय. मी तरी तेच म्हटलं असतं, नोकरी जात असेल तर." मी परसों समजावून सांगायला लागले. त्यांना पटेना. अशी कुठली भाषा असेल, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात अटेंडर चहा घेऊन आला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. मी त्याला विचारलं, चाचा, तुम्ही इथे कामाला कधी लागलात?

"मैं? परसों इच तो लगा मॅडम. ये बिल्डिंग नहीं थी तब, खाली खेत था."

बंगाली डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. खिडकीतून दिसणाऱ्या जुन्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "और वो?" म्हातारा म्हणाला, "वो भी परसों का है." ते हसायला लागले, आणि मला वाटलं, कादरभाई सुटले.

पण नियम तो नियम. फाइलीत "बेशुद्ध" हा शब्द आला होता, तो हसण्याने जात नाही. मोठ्या इस्पितळात पूर्ण ईईजी काढा, मेंदूच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा, आणि तोवर गेटवर. यात त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. चाळीस माणसांचा प्रश्न होता. ईईजीसाठी मी रजा काढून कादरभाईंबरोबर गेले, इलेक्ट्रोड नीट लागलेत का ते तिथल्या मुलीच्या मागे उभी राहून पाहिलं, आणि तिचा राग ओढवून घेतला. सगळं स्वच्छ निघालं. तरी कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत तीन महिने गेले. तीन महिने तो माणूस आपलीच बस दुसरा कुणी आत आणतोय हे गेटवर उभा राहून बघत होता. उरलेल्या बैठकांना ते आले नाहीत. मीही बोलावलं नाही. बोलावून काय तोंड दाखवणार होते?

एक दिवस त्यांचा फोन आला. उद्यापासून गाडी मिळतेय. मी म्हटलं, मी येते उद्या. कशाला, ते मलाही नीट माहीत नव्हतं.

बस अफझलगंजहून सकाळी सहाला सुटायची. मी पोचले तेव्हा ती धुऊनपुसून उभी होती आणि कादरभाई आपल्या जागेवर होते, तोच इस्त्रीचा खाकी शर्ट. पण दार उघडं असून आत कुणी नव्हतं. पंधराएक माणसं फुटपाथवर घोळका करून उभी होती आणि बसकडे न बघता बघत होती. कादरभाई समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे पाहत होते. त्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते आणि बोटं पांढरी पडली होती.

मला समजायला वेळ लागला नाही. माझा तो सुंदर अक्षरातला शब्द कारखान्यात तीन महिने फिरला होता. घोळक्यातून जे कानावर आलं, त्यात तो आता "फिट येते" असा झाला होता.

मी चढले आणि ड्रायव्हरच्या बरोब्बर मागच्या सीटवर बसले. घोळक्यात पुढे एक पन्नाशीची बाई होती, हातात डबा, पॅकिंगमधली असावी. बाकीचे तिला यादम्मा म्हणत होते आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. ती खिडकीशी आली.

"एमम्मा, डाक्टरा नुव्वु?" तू डॉक्टर आहेस का, असं तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या त्या हिंदीत सांगितलं, "डॉक्टर नहीं. इनके कागद पे जिसने गलत लिखा, वो मैं हूँ. इनको फिट-बिट कुछ नहीं आता. ये बोले परसों गिर गया था. मुझे लगा दो दिन पहले. मैंने वैसा लिख दिया."

यादम्मा माझ्याकडे बघत राहिली. "परसों बोले तो दो दिन समझे तुम?"

"हो."

"कहाँ के हो अम्मा तुम?"

"पुण्याची."

तिने मागे वळून ते तेलुगूत सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कुणी, आणि मग सगळा स्टॉप माझ्यावर हसायला लागला. मला आयुष्यात इतके लोक एकदम हसले नव्हते. कान लाल झाले, पण मी हलले नाही. हसत हसतच यादम्मा पायऱ्या चढली, डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली, आणि तिच्यामागून एकेक करून सगळे आले. चढताना प्रत्येकाने माझ्याकडे एकदा पाहून घेतलं. एकाने तर "परसों मिलेंगे मॅडम" असंही ऐकवलं.

बस निघाली. पूल ओलांडून ती गर्दीतून बाहेर पडली. गिअर बदलताना कादरभाईंचा हात आधी जरा घाईचा होता, मग तो सैल पडत गेलेला मला मागून दिसला. त्या तीन महिन्यांत मी पत्रं लिहिली, कचेऱ्या पालथ्या घातल्या, इस्पितळात गेले. पण जे त्यांना सांगायला हवं होतं ते एकदाही तोंडातून निघालं नव्हतं. आता त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे सोपं गेलं. मी पुढे वाकले.

"कादरभाई, माझं फार चुकलं. तुम्हाला त्रास झाला. मला..."

त्यांनी मान वळवली नाही. नजर रस्त्यावरच ठेवून त्यांनी डावा हात उचलला आणि काचेच्या वर, जिथे रंगाने काहीतरी लिहिलेलं होतं, तिकडे बोट दाखवलं.

"मॅडम, चलती गाडी में ड्रायवर से बातां नक्को करो."

मी मागे टेकून बसले आणि रुमाल शोधायला लागले.